पीडी कोणी मोजली होती?

दार ओढून घ्या कोणीतरी. सिद्धेश, तू नाही. तू कडीला हातसुद्धा लावायचा नाहीस. बाहेरच्या बाकावर बस. माझा आवाज तिथवर पोचतो, हे तिसऱ्या वर्षात आल्यावर सांगायला नको.

आज ओपीडीत तुमच्यातले चौघं कमी होते, कारण चौघांचे डोळे आलेत. मी एकेकाला समोर बसवून हिस्टरी घेतली. टॉवेल एकच वापरता? नाही मॅडम. एकमेकांचे ड्रॉप्स घातले? नाही मॅडम. पोहायला गेला होतात? नाही मॅडम. पेशंट अशी उत्तरं देतो तेव्हा काय करायचं असं शिकवलंय मी? प्रश्न बदलायचा. मग विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत चेहऱ्याला काय काय लागलं? तेव्हा कुठे अथर्वच्या खोलीवरचा तो व्हीआर हेडसेट बाहेर आला. एक हेडसेट, एक संध्याकाळ आणि अकरा चेहरे. त्यात घरमालकीण काकूंचा सहा वर्षांचा नातूसुद्धा.

अथर्व, मान वर कर. तू मला म्हणालास, "मॅडम, मी फक्त शेअर केलं." त्या 'फक्त'बद्दलच मला बोलायचंय. बाकीच्यांनी खाली बघून सुटका होईल असं समजू नका, तुमची पाळी यायचीय.

तुझ्याकडे काय आहे ते आधी मीच सांगते. काल रात्री बसून मी त्याबद्दल सगळं वाचलं, आणि तू बहुधा खोक्यावरचंही वाचलेलं नाहीस. बिगस्क्रीन बियॉण्ड, २०२३ साली आलेली पहिली आवृत्ती. वजन १२७ ग्रॅम. एकेका डोळ्यासमोर २५६० गुणिले २५६० ठिपक्यांचा पडदा. एवढंसं यंत्र ते, मुठीत मावेल असं. ते इतकं लहान करता आलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे ते सगळ्यांना बसावं हा हट्टच त्यांनी सोडला. घेणाऱ्यानं आयफोननं आपला चेहरा स्कॅन करून द्यायचा, त्यावरून त्याच्या एकट्याच्या कपाळाला, नाकाला, गालाला बसेल अशी गादी तयार होते. दोन भिंगांमधलं अंतर कारखान्यातच पक्कं होऊन येतं; फिरवायला चाक नाही, सरकवायला खिट्टी नाही. आत चष्म्याला जागा नाही, म्हणून नंबरची भिंगं वेगळी करून घ्यायची, ती चुंबकानं आत बसतात. सुट्टीत तू दादाकडे कॅलिफोर्नियाला गेलास, तिथे तुझी तीन मापं दिली गेली: चेहरा, पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, आणि नंबर. आता मला सांग, यातली दोन मापं घ्यायला तू कुठे शिकतोस? या इमारतीत, खालच्या मजल्यावर, माझ्याकडे.

हेच कॉमर्सच्या मुलांनी केलं असतं तर मी त्यांना जवळ बसवून समजावलं असतं. इंजिनिअरिंगच्या मुलांवर थोडी चिडले असते. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही सकाळी नऊपासून नाकासमोर पट्टी धरून दुसऱ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजता, पेशंट हलला तर त्याच्यावर डाफरता, ६३ च्या जागी ६५ लिहिलेलं दिसलं की ज्युनिअरला पुन्हा मोजायला लावता. आणि संध्याकाळी सहानंतर तुमचं हे सगळं शास्त्र ॲप्रनबरोबर खुंटीला टांगलेलं असतं?

मोठ्या माणसाची पीडी सरासरी ६३ मिलिमीटर. पण सरासरी हा काही माणूस नव्हे. तो ओपीडीत येऊन खुर्चीवर बसत नाही. बसतात ते ५० पासून ७५ पर्यंतचे सगळे. अथर्वची ६८ आहे, ती तुमच्या पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्येच नोंदलेली आहे. श्रुतीची मी आज घेतली, ५७. अकरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे एकेका डोळ्यामागे साडेपाच. मायनस ४ च्या चष्म्यात एका डोळ्यामागे तीनच मिलिमीटर चुकले तर किती प्रिझम येतो? बोला. प्रेंटिसचा नियम दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला तुम्ही सगळ्यांनी पाठ करून लिहिला होता. ०.३ सेंटिमीटर गुणिले ४. एका डोळ्याला १.२, दोन्ही मिळून २.४. असा चष्मा दुकानातून बनून आला तर तुम्ही तो पेशंटच्या हातात देता का? परत पाठवता, वर चिठ्ठीवर लाल शाईनं शेरा मारता. हेडसेटचं गणित चष्म्याइतकं सरळ नसतं, पडदा भिंगाच्या अगदी जवळ असतो, हे मला माहीत आहे. उगाच हात वर करून मला ते सांगू नका. पण डोळा भिंगाच्या मध्यातून ढळला की चित्राच्या कडा फाटतात, सरळ रेघा वाकतात, नजर हलवली की सगळं पाण्यात असल्यासारखं हेलकावतं, आणि डाव्या-उजव्या डोळ्यात ते एकसारखं होत नाही. ती दोन चित्रं एकत्र जुळवायचं ओझं मग पाहणाऱ्याच्या मेंदूवर पडतं.

श्रुतीचं तेच झालं. पाच मिनिटांत तिला गरगरलं, ती बाथरूममध्ये जाऊन ओकली, आणि बाहेर आली तर तुम्ही हसत होता. रोहन, तू काय म्हणालास ते इथे सगळ्यांसमोर म्हण. नाही? मग मी म्हणते. "मुलींना होतंच असं, त्यांचं डोकं नाजूक." २०२० साली के स्टॅनी या संशोधिकेनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच समज तपासून पाहिला. व्हीआरमध्ये बायकांना जास्त मळमळतं, हे लोक धरूनच चालले होते. तपासल्यावर त्यातलं मुख्य कारण निघालं पीडी न जुळणं. ज्या बायकांना हेडसेट नीट बसत होता आणि ज्यांना एरवी गाडी लागायचा त्रास नव्हता, त्यांना होणारा त्रास पुरुषांसारखाच होता. म्हणजे पुरुषी मापाचं यंत्र बनवायचं, ते बाईच्या डोळ्यांवर चढवायचं आणि ती कोलमडली की तिची थट्टा करायची. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. इथे अंगण खरोखर वाकडं होतं आणि तुम्ही नाचणारीला हसलात. ऑप्टोमेट्रीचे विद्यार्थी तुम्ही! श्रुती, तूही ऐक. हा त्रास पीडीचा आहे हे त्या क्षणी तुझ्या लक्षात यायला हवं होतं. तू लाजलीस आणि गप्प बसलीस. लाजायचं काम दुसऱ्या कोणाचं होतं.

आता रोहन, तुझ्याकडे वळते. तुला नंबर नाही, डोळे सहा बाय सहा, त्याचा तुला भारी अभिमान. तू तो हेडसेट तासभर घालून बसलास, "एकदम क्लिअर दिसतंय" म्हणालास, आणि रात्री डोकं धरून झोपलास. आत अथर्वची नंबरची भिंगं तशीच होती. मायनस ४.५, वर सिलिंडर. ती का काढली नाहीत असं मी विचारलं तर अथर्व म्हणतो, हरवतील म्हणून. हरवतील! सबंध हेडसेट अकरा जणांच्या हातून फिरवताना हरवायची भीती वाटली नाही, बोटभर भिंगांची वाटली. तर रोहन, वीस वर्षांच्या डोळ्यात किमान दहा डायॉप्टरचं अकोमोडेशन असतं, त्यातले साडेचार तुझ्या डोळ्यांनी निमूट खर्च केले. म्हणून तुला स्पष्ट दिसलं. पण अकोमोडेशनबरोबर कन्व्हर्जन्स येतो की नाही? एसी बाय ए रेशो, म्हणजे एका डायॉप्टरमागे किती प्रिझम, तो चार धरला तर अठरा प्रिझमची ओढ आतल्या बाजूला, आणि पडद्यावरचं चित्र मात्र ती मागतच नव्हतं. तुझे डोळे तासभर आत ओढले जात होते आणि तू त्यांना बाहेर खेचत होतास. तरुण डोळा तक्रार करत नाही, म्हणून त्याच्यावर वाटेल ते लादावं असं नसतं. शाळेतल्या मुलाला चुकून जास्त मायनस दिला तर तोही म्हणतो 'छान दिसतंय', आणि मग तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. प्लसची भिंगं लावून पुन्हा बघता. स्वतःच्या बाबतीत तेवढीही शंका आली नाही तुला?

गादीचंही तेच. व्हर्टेक्स डिस्टन्स हा प्रश्न तोंडी परीक्षेत आला की तुमचे चेहरे उतरतात. या हेडसेटमध्ये डोळा भिंगापासून किती लांब राहणार हे ती गादी ठरवते, आणि गादी अथर्वच्या गालाच्या हाडांवर बेतलेली आहे. ज्याचे गाल वर, त्याचं यंत्र तिरकं बसणार. ज्याचा चेहरा चपटा, त्याच्या पापण्या भिंगाला घासणार, त्यावर तेल नि काजळ लागणार. नाकापाशी फट राहिली की उजेड आत येणार. मग प्रत्येकानं काय केलं असेल ते मी न बघता सांगते: पट्टा आवळला. आजोबांची कवळी छान बसलीय म्हणून ती कोणी पंगतीत फिरवत नाही, आणि फिरवलीच तर दात जोरात दाबून बसवा असंही सांगत नाही.

आणि आता डोळे आलेल्यांबद्दल.

सिद्धेश, ऐकू येतंय? त्या संध्याकाळी तुझा उजवा डोळा लाल होता. तू म्हणालास, गाडीवरून येताना धूळ गेली. सकाळी पापण्या चिकटल्या होत्या का? होत्या. कानापुढे गाठ लागत होती का? बघितलंच नाहीस. पेशंटच्या कानापुढे हात लावून बघायला तुला कधी सांगावं लागत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा तुम्ही बारावीत की अकरावीत होता. घरातलं कोणी ना कोणी काळा चष्मा लावून फिरत असेल. व्हायरसनं डोळे येतात तेव्हा बहुतेक वेळा तो एडिनोव्हायरस असतो. त्याला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरला तो सहजी दाद देत नाही, आणि कोरड्या पृष्ठभागावर तो कित्येक दिवस टिकतो. म्हणूनच टोनोमीटरचं टोक आपण स्पिरिटच्या बोळ्यानं नुसतं पुसून पुढच्या पेशंटला लावत नाही. ब्लीचच्या पातळ द्रावणात पाच ते दहा मिनिटं बुडवतो, धुतो, वाळवतो. तुम्ही रोज करता हे. मग डोळ्याभोवतीच्या घामानं आणि पाण्यानं भिजलेली ती गादी एकाच्या तोंडावरून काढून थेट दुसऱ्याच्या तोंडावर? "मध्ये टिश्यूनं पुसली होती मॅडम." टिश्यूनं! आणि त्याच टिश्यूनं भिंगंही पुसली असतील. त्यांच्यावर ओरखडे आले असतील तर ते आता अथर्वनं आयुष्यभर बघत बसावेत. भिंग कोरड्या मायक्रोफायबर कापडानंच पुसायचं असतं, हे चष्म्याच्या दुकानातला पोऱ्याही सांगेल.

हेडसेट ब्लीचमध्ये बुडवता येत नाही, अथर्व. म्हणून ज्याचं तोंड त्याची गादी. तू मागितली असतीस तर कंपनी दुसऱ्याच्या स्कॅनवरून दुसरी गादी करून देते. आणि गादी म्हणजे किरकोळ गोष्ट असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, २०२१ साली क्वेस्ट २ हेडसेटच्या तोंडाला लागणाऱ्या फोममुळे पुरळ उठतं अशा तक्रारी आल्या, तेव्हा अमेरिकेत सुमारे ४० लाख फोम परत बोलवावे लागले होते आणि बदल्यात सिलिकॉनची खोळ दिली गेली. स्वतःच्या गादीनंसुद्धा कातडी बिघडू शकते. तुम्ही तर उसन्या गादीत तोंड घातलं होतं.

काकूंच्या नातवाचं ऐकल्यावर माझा खरा संताप झाला. सहा वर्षांच्या मुलाची पीडी पन्नासच्या आसपास असते. त्याचं डोकं लहान, त्यावर ६८ चं यंत्र, आत साडेचार नंबर, आणि तो "मजा येतेय" म्हणतोय म्हणून तुम्ही व्हिडिओ काढताय. मेटा दहा वर्षांखालच्या मुलांना हेडसेट देऊ नका म्हणते, ॲपल तेराखालच्यांना. हे आकडे काय शोभेला छापलेत? कोणीतरी मला आता सांगेल, मॅडम, तुम्हीच तर लुमिनोपियाबद्दल शिकवलंत. चार ते सात वर्षांच्या मुलांच्या आळशी डोळ्याच्या उपचाराला व्हीआर वापरायची परवानगी अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ मध्येच दिली. हो, शिकवलं. त्या मुलाची आधी तपासणी होते, चष्मा नक्की होतो, किती वेळ बघायचं ते लिहून दिलं जातं आणि तो पुन्हा तपासायला येतो. त्याचंच नाव उपचार. तुम्ही केलात तो तमाशा. उद्या हेच काम तुमच्याकडे येणार आहे. मुलाला यंत्र नीट बसलंय की नाही हे बघायला दवाखान्यात तुमच्याशिवाय कोणी नसेल. तेव्हाही त्याला 'मजा येतेय का रे' एवढंच विचाराल?

अथर्व, मला माहीत आहे तू का नाही म्हणाला नाहीस. 'बघू दे ना यार, एवढं काय आहे त्यात, तुटणार आहे का' असं सगळे म्हणाले असतील. नवी वस्तू घेतली आणि दुसऱ्याला हात लावू दिला नाही, तर चिक्कू ठरायची भीती. भीड भिकेची बहीण, ती तुझ्या दाराशी अकरा जणांना घेऊन आली आणि तू पाट मांडलेस. शिवाय थोडी ऐटही होती, खोटं बोलू नकोस. ऐटीबद्दल मी काही म्हणत नाही, तुझ्या वयाला ती शोभते. पण तू दिलंस काय, हे कधी मोजलंस? श्रुतीला उलटी दिलीस, रोहनला डोकेदुखी, चौघांना लाल डोळे. बाकीच्यांना धूसर चित्र दिलंस, आणि आता ते सगळ्यांना सांगत फिरतायत की लाखभराचा हेडसेट आणि दिसतं काहीच नाही. तुझ्या डोळ्यांना जे स्वच्छ दिसतं, त्यातलं तिळभरही इकडून तिकडे गेलेलं नाही. याला तू शेअर करणं म्हणतोस. मी त्याला आळस म्हणते; पट्टी काढून समोरच्याचे डोळे मोजण्याचा आळस.

आणि मागणाऱ्यांनो, तुमची तोंडं फार वर आलेली बघून सांगते. दुसऱ्याच्या अंगावर बेतलेली वस्तू मागताना लाज वाटली पाहिजे. काही हेडसेट माणसं बदलणार हे धरूनच बनवलेले असतात. क्वेस्ट २ ला भिंगं ५८, ६३ आणि ६८ अशा तीन जागी सरकायची, क्वेस्ट ३ ला चाक आहे. ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये पाहुण्यासाठी वेगळी सोय आहे, त्यात पाहुण्याच्या डोळ्यांची जुळणी आधी होते आणि पाहुण्याला काय उघडं ठेवायचं ते मालक ठरवतो. (अथर्व, तुझ्या खात्यावरून कोणी दोन खेळ विकत घेतल्याचं कळलं. ते तुमचं तुम्ही निस्तरा, मी पोलीस नाही.) बिगस्क्रीननंही २०२५ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत भिंगांमधलं अंतर हलवता येईल असं केलं. तुम्हाला बघायचंच होतं तर असा एखादा हेडसेट शोधायचा होता. आपल्या लॅबलाही अर्ज करता आला असता; मी सही केली असती. मी व्हीआरच्या विरोधात आहे असं कोणी बाहेर जाऊन सांगायचं नाही.

आता काय करायचं ते लिहून घ्या. वही काढा, फोन नको.

डोळे आलेले चौघं पूर्ण बरे होईपर्यंत ओपीडीत पाऊल टाकणार नाहीत. हजेरी बुडेल; बुडू दे. सिद्धेश, तू घरी जाऊन उशीची खोळ, टॉवेल, हातरुमाल वेगळे कर आणि आईला तुझा टॉवेल वापरू देऊ नकोस. अथर्व, ती गादी तू आता वापरायची नाहीस, दुसरी मागव. तो हेडसेटही खिडकीतून हलव. भिंगांवर ऊन पडलं की मागचा पडदा जळतो, खोली पश्चिमेकडची आहे तुझी. आज संध्याकाळी काकूंकडे जा, झालेलं सगळं नीट सांग, 'खेळ खेळत होतो' एवढ्यावर भागवू नकोस, आणि नातवाला उद्या दहाला माझ्याकडे घेऊन ये. ड्रॉप्स घालून तपासते, कोणतीच फी नाही.

उद्या साडेआठला बाकीचे सगळे खालच्या लॅबमध्ये. प्रत्येकानं प्रत्येकाची पीडी घ्यायची, एकेका डोळ्याची वेगळी, लांबची आणि जवळची. पट्टीनं एकदा आणि प्युपिलोमीटरनं एकदा, दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. फरक एक मिलिमीटरहून जास्त आला तर पुन्हा. रोहन, तुझी पीडी श्रुती घेईल. हललास तर पहिल्यापासून.

जा आता. कडीला हात लावल्यावर हात धुवा.